दोन चित्रें, एक पर्वत

शहरांतील बऱ्याच घरांच्या दिवाणखान्यांत एखादें डोंगराचें चित्र टांगलेलें असतें. कोठें कॅलेंडरावरून कापून चौकटींत बसविलेलें हिमशिखर असतें, तर कोठें एखाद्या हौशी स्नेह्यानें भेट दिलेला जलरंगांतील घाट असतो. घरची मंडळी त्याच्यासमोरून दिवसांतून दहा वेळां जातात. पाहुणा येतो, क्षणभर थांबतो, ‘देखावा छान आहे’ असें म्हणतो आणि खुर्चीवर बसतो. चहा येतो, चित्र मागें राहतें.

माणसाच्या चित्राची गोष्ट अशी होत नाहीं. चित्रांतली स्त्री खिडकीशीं बसून रडत असेल तर ती कां रडते, हा प्रश्न लहान मूलही विचारतें. डोंगराला असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. डोंगराला चेहरा नाहीं, डोळे नाहींत; मग त्याला भाव कोठून असणार? आणि जेथें भाव नाहीं तेथें अर्थ शोधणें म्हणजे रिकाम्या विहिरींत पोहरा सोडण्यासारखें आहे, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. याच्या उलट दुसरीही एक समजूत आढळते. तिच्याप्रमाणें डोंगराच्या चित्राचा ज्याला जो वाटेल तो अर्थ करावा. तेथें चूक-बरोबर असें कांहीं नाहींच. या दोन्ही समजुती तपासून पाहण्यास एक फार सोयीचें उदाहरण कलेच्या इतिहासांत सांपडतें. एकाच पर्वताचीं, जवळजवळ एकाच वर्षीं, दोन जर्मन चित्रकारांनीं काढलेलीं दोन चित्रें आज उपलब्ध आहेत, आणि त्या दोहोंतील अंतर जमीन-अस्मानाचें आहे.

तो पर्वत म्हणजे वाट्झमान. जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यांत, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला लागून, बेर्ख्टेसगाडेन नांवाचें गांव आहे. त्या गांवावर हा पर्वत पहारा करीत असल्यासारखा उभा आहे. त्याची उंची २७१३ मीटर आहे. आल्प्सच्या मानानें ही उंची कांहीं अचाट नव्हे; परंतु एका बाजूस मोठें शिखर, दुसऱ्या बाजूस त्याहून लहान शिखर आणि मधल्या खोबणींत ओळीनें बारकीं शिखरें अशी त्याची ठेवण असल्यामुळें तो एकदां पाहिलेला मनुष्य त्याला विसरत नाहीं. तेथील लोककथा अशी आहे कीं, वाट्झमान हा एक क्रूर राजा होता आणि त्याच्या पापामुळें तो, त्याची राणी व मुलें यांचे दगड झाले. मधल्या बारक्या शिखरांना आजही ‘वाट्झमानचीं मुलें’ असेंच म्हणतात. म्हणजे डोंगरांत माणूस पाहण्याची खोड चित्रकारांच्याही आधीं गांवकऱ्यांना होतीच.

दोन चित्रकारांपैकीं पहिला लुडविग रिख्टर. याचा जन्म १८०३ सालीं ड्रेस्डेन येथें झाला. १८२३ सालीं तो इटलीस जावयास निघाला असतां वाटेंत आल्प्सचा हा भाग त्यानें पाहिला, आणि रोमला पोहोंचल्यावर १८२४ सालीं वाट्झमानचें तैलचित्र काढलें. तें पुढें म्युनिकच्या ‘नोये पिनाकोथेक’ या चित्रसंग्रहाच्या मालकीचें झालें. दुसरा चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख. हा बाल्टिक समुद्राच्या कांठीं ग्राइफ्सवाल्ड येथें ५ सप्टेंबर १७७४ रोजीं जन्मला. कोपनहेगनच्या कलाशाळेंत शिकून १७९८ पासून तो ड्रेस्डेन येथें येऊन राहिला. रिख्टरचें चित्र ड्रेस्डेनकरांच्या दृष्टीस पडलें तेव्हां फ्रीड्रिखनें पन्नाशी गांठली होती. त्यानें १८२४-२५ मध्यें आपला वाट्झमान काढला. हें चित्र बर्लिनच्या ‘आल्टे नात्सिओनालगालेरी’ या संग्रहालयांत आहे. त्याची रुंदी सुमारें १७० सेंटिमीटर, म्हणजे आडव्या झालेल्या मनुष्याइतकी आहे. विशींतील तरुणानें एक उत्तर लिहावें आणि पन्नाशीच्या गृहस्थानें त्याच प्रश्नाचें दुसरें उत्तर त्याच्याशेजारीं लिहून ठेवावें, असा हा प्रकार आहे.

रिख्टरचें चित्र उभ्या आकाराचें आहे. तें पाहतांना डोळ्यांना विसांवा असा मिळतच नाहीं, आणि तो मिळावा असें पाहणाऱ्यालाही वाटत नाहीं. खालीं खडकांवरून उसळणारें पाणी आहे, बाजूंना दाट झाडी आहे, मनुष्यवस्तीच्या खुणा आहेत आणि या सर्वांच्या माथ्यावर बर्फाचें शिखर आहे. नजर पाण्याबरोबर खेळते, झाडीबरोबर चढते, मधल्या टप्प्यावर थोडी थांबते आणि अखेर शिखरापर्यंत पोहोंचते. जणूं कोणी उत्साही यजमान पाहुण्याचा हात धरून आपलें घर परसापासून गच्चीपर्यंत दाखवीत आहे. चित्रांतील सृष्टि भरलेली आहे, ओली आहे, मनुष्याला राहावयास योग्य आहे. शिखर उंच असलें तरी तें परकें नाहीं. तें त्याच घराचा कळस आहे.

आतां फ्रीड्रिखचें चित्र पाहावें. तें आडवें आहे. अगदीं पुढें सावलींतील काळपट-तपकिरी उतार आहेत. त्यांवर थोडें गवत, कांहीं झुडपें, एखाददुसरें एकाकी झाड. मध्यावर एक खडकांचा ढीग उभा आहे, आणि त्याचा आकार त्रिकोणी आहे. त्याच्यामागें दुसऱ्या टेकड्या, त्यांवर पुन्हा खडक. त्यापलीकडे दरी असावी. परंतु ती दिसत नाहीं, तिचा केवळ अंदाज करावा लागतो. आणि त्या न दिसणाऱ्या दरीच्या पलीकडे, चित्राच्या वरच्या भागांत, प्रकाशांत उभा असलेला शुभ्र वाट्झमान. वर स्वच्छ आकाश. माणूस नाहीं, गुरें नाहींत, घर नाहीं, पाऊलवाट नाहीं, वाहत्या पाण्याचा खळखळाटही नाहीं. चित्र पाहतांना कानांना कांहीं ऐकूं येत नाहीं, अशी जर कल्पना केली तर ती या चित्राला तंतोतंत लागूं पडते.

दोन्ही चित्रांत डोंगर एकच आहे; वृत्ति मात्र अगदीं भिन्न. तेव्हां भाव डोंगरांत नव्हता, तो चित्रकारानें केलेल्या निवडींत होता, हें उघड आहे. त्या निवडी कोणत्या, हें एकएक करून पाहिलें म्हणजे ‘भाव’ हा हवेंत तरंगणारा पदार्थ नसून तो बोट ठेवून दाखवितां येणारा आहे, हें पटतें.

पहिली निवड म्हणजे पाहणाऱ्याची जागा. प्रत्येक निसर्गचित्र पाहणाऱ्याला कोठेंतरी उभें करतें. रिख्टर त्याला पाण्याच्या कांठीं, चालावयास सुरुवात करावी अशा ठिकाणीं उभा करतो. फ्रीड्रिख त्याला एका उंचवट्यावर आणून सोडतो, आणि तेथून पुढें जावयास वाट ठेवीत नाहीं. समोरचें शिखर दिसतें, पण तेथें जातां येत नाहीं. एखाद्या मोठ्या माणसाच्या दारांत उभें राहून आंतील दिवा पाहावा, पण उंबरठा ओलांडण्याची आज्ञा नसावी, तशी ही स्थिति आहे. चित्रांतून उठणारी हुरहूर या अडवलेल्या वाटेंतून उठते.

दुसरी निवड म्हणजे वगळणें. चित्रांत काय आहे हें सर्वजण पाहतात. काय नाहीं हें क्वचित् कोणी पाहतो. फ्रीड्रिख हा मोठा वगळणारा होता. त्याच्या मित्रानें, केर्स्टिंग या चित्रकारानें, १८११ सालीं त्याच्या खोलीचें चित्र काढलें आहे. त्या खोलींत उघड्या भिंती, चित्राची घोडी व कामापुरतीं साधनें एवढेंच दिसतें. जशी खोली तसें चित्र. आपल्या काळचे कांहीं निसर्गचित्रकार पाहणाऱ्याच्या भोंवतीं शंभर अंशांत पसरलेली सृष्टि पंचेचाळीस अंशांच्या कोनांत कोंबतात, अशी त्यानें तक्रार करून ठेवली आहे. जें निसर्गांत ऐसपैस असतें तें चित्रांत दाटीवाटीनें उभें राहिलें म्हणजे त्याचें मोठेपण जातें, असें त्याचें मत होतें. रिख्टरच्या चित्राशेजारीं त्याचें चित्र ठेवलें म्हणजे ही तक्रार रंगांनीं लिहिलेली दिसते.

तिसरी निवड म्हणजे प्रकाश. पुढचा भाग सावलींत आणि मागचा उजेडांत, ही मांडणी पाहणाऱ्याच्या मनावर त्याच्या नकळत काम करते. तो स्वतः अंधाऱ्या बाजूस उभा असतो. उजेड पलीकडे असतो. हीच मांडणी उलट केली, म्हणजे पुढें ऊन आणि मागें काळे ढग ठेवले, तर त्याच डोंगराचें भय वाटूं लागेल.

चौथी निवड रंगांची. येथें थोडा शास्त्राचा आधार घेतला पाहिजे. पाहणारा व दूरचा डोंगर यांच्यामध्यें हवेचा मोठा थर असतो. सूर्यप्रकाशांतील निळा भाग हवेच्या कणांमुळें अधिक विखुरला जातो, व तो विखुरलेला निळा प्रकाश डोंगर आणि डोळा यांच्यामध्यें पडद्यासारखा पसरतो. म्हणून झाडीनें काळवंडलेले दूरचे डोंगर निळे दिसतात. सह्याद्रीच्या कड्यावर पावसाळा संपल्यावर उभें राहून पाहिलें तर एकामागें एक अशा रांगा क्रमानें फिक्या निळ्या होत गेलेल्या कोणालाही दिसतील. युरोपांतील चित्रकारांनीं हा नियम अंतर दाखविण्यासाठीं शतकानुशतकें वापरला. फ्रीड्रिखही तो वापरतो. त्याचा पुढचा भाग उबदार तपकिरी आणि मागचा भाग थंड आहे. परंतु तो शिखर पुसट होऊं देत नाहीं. त्याच्या कडा स्पष्ट ठेवतो. त्यामुळें शिखर दूर आहे आणि तरीही डोळ्यांसमोर ठसठशीत आहे, अशी दुहेरी जाणीव होते.

मराठींत ‘दुरून डोंगर साजरे’ अशी म्हण आहे. तिचा रोंख असा कीं, अंतर फसवितें. जवळ गेलें म्हणजे कांटे आणि दगडधोंडे दिसतात. फ्रीड्रिखच्या चित्रांत या म्हणीचा अर्थ उलटा होतो. येथें दगडधोंडे आधींच पायांशीं आहेत, ते कोणी लपविलेले नाहींत. आणि ते पाहूनही दूरचें शिखर साजरेंच राहतें. अंतर येथें फसवीत नाहीं, तर मान राखावयास शिकवितें.

युरोपांत अठराव्या शतकांत ‘सुंदर’ आणि ‘उदात्त’ असे दोन वेगळे अनुभव मानूं लागले होते. १७५७ सालीं इंग्लंडांत एडमंड बर्क यानें आणि १७९० सालीं जर्मनींत इमॅन्युएल कांट यानें या भेदाची चर्चा केली. जें मनाला मोकळें करून रमवितें तें सुंदर. जें मनुष्याला त्याचें लहानपण दाखवून दबवितें, पण स्वतः तो सुरक्षित असल्यामुळें त्या दबण्यांतूनच एक उंच समाधान देतें, तें उदात्त. रिख्टरचा वाट्झमान सुंदराकडे झुकतो, फ्रीड्रिखचा उदात्ताकडे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर फ्रीड्रिखच्या चित्रांत अद्भुताचा प्रवेश शांतामध्यें होतो. शास्त्रकारांनीं रस हा ‘विभावां’वर उभा केला, म्हणजे अमुक भाव उत्पन्न होण्यास अमुक कारण पाहिजे असें सांगितलें. अडवलेली वाट, रिकामी जागा, पलीकडचा उजेड हे या चित्राचे विभाव होत.

येथपर्यंत भावाचा विचार झाला. त्यासाठीं चित्राबाहेरची माहिती फारशी लागली नाहीं. अर्थाचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे, आणि तो एका आश्चर्यकारक गोष्टीपासून सुरू होतो. ती गोष्ट अशी कीं, फ्रीड्रिखनें वाट्झमान कधींच पाहिला नव्हता. तो आल्प्समध्यें आयुष्यांत एकदांही गेला नाहीं. त्याचा एक शिष्य ऑगस्ट हाइन्रिख यानें त्या पर्वताचा जलरंगांत अभ्यास केला होता. हा होतकरू चित्रकार १८२२ सालीं ऐन तिशीच्या आंत वारला. फ्रीड्रिखनें शिखरासाठीं या दिवंगत शिष्याच्या अभ्यासाचा आधार घेतला. आणि पुढच्या भागांतील तो त्रिकोणी खडक? तो त्यानें स्वतः जून १८११ मध्यें हार्ट्झ डोंगरांत पेन्सिलीनें रेखाटला होता. हार्ट्झपासून वाट्झमान सुमारें ५०० किलोमीटर दूर आहे. पुढचा खडक ग्रॅनाइटचा, मागचा पर्वत चुनखडकाचा. जगाच्या पाठीवर कोठेंही उभें राहिलें तरी हा देखावा दिसणार नाहीं.

ज्यानें डोंगर डोळ्यांनीं पाहिला त्यानें सुंदर देखावा काढला, आणि ज्यानें तो पाहिलाच नाहीं त्यानें पाहणाऱ्याला स्तब्ध करणारा पर्वत काढला. मग दुसरें चित्र खोटें म्हणावयाचें काय? नकाशा म्हणून तें खोटें आहेच. परंतु पायांशींचा लहान खडक आणि दूरचें मोठें शिखर यांचा आकार एकमेकांशीं जुळतो, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे हा खडक ५०० किलोमीटरांवरून कां आणला हें उमगतें. लहानांत मोठ्याचा आकार आहे. जें पलीकडे प्रकाशांत आहे त्याचाच एक मळका, तुटका नमुना अलीकडे सावलींत आहे. चित्रकारानें डोळ्यांपुढें असेल तेवढेंच न काढतां अंतःकरणांत दिसेल तेंही काढावें, अशी फ्रीड्रिखची शिकवण होती. येथें त्यानें ती पाळली आहे.

निसर्गचित्राला असा अर्थ असूं शकतो काय, यावर फ्रीड्रिखला पूर्वीं एकदां जाहीर वाद झेलावा लागला होता. १८०८ सालच्या नाताळांत त्यानें आपल्या खोलींत एक चित्र लोकांना दाखविलें. खडकाळ शिखर, त्यावर सूचिपर्णी वृक्ष, माथ्यावर क्रूस, आणि मागें मावळत्या सूर्याचे किरण. हें चित्र वेदीवर ठेवावयाच्या पूजाचित्रासारखें सोनेरी, कोरीव चौकटींत बसविलेलें होतें. १८०९ च्या जानेवारींत रामडोर नांवाच्या टीकाकारानें एका वृत्तपत्रांत त्यावर कडक हल्ला केला. निसर्गचित्रानें देवळांत शिरून वेदीवर चढावें हा उद्धटपणा आहे, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. मित्रांनीं फ्रीड्रिखची बाजू घेतली, आणि स्वतः फ्रीड्रिखनेंही, त्याच्या स्वभावाविरुद्ध, चित्राचा अर्थ लिहून दिला. खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा, मावळता सूर्य म्हणजे संपलेलें जुनें युग. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्याच्यावर हा वेदीचा वाद झाला तें चित्र टेट्शेन येथील किल्ल्यांत गेल्यावर वेदीवर न लागतां सरदारपत्नीच्या शयनगृहांत लागलें. आज तें ड्रेस्डेनच्या संग्रहालयांत आहे.

या वादामुळें फ्रीड्रिखच्या चित्रांची एक किल्ली लोकांच्या हातीं लागली, आणि किल्लीचा जो धोका असतो तोही त्याबरोबर आला. पुढील अभ्यासक त्याच किल्लीनें प्रत्येक कुलूप उघडूं पाहूं लागले. वाट्झमानचे आज निदान तीन अर्थ सांगितले जातात. पहिला धार्मिक: बर्फाचें शिखर म्हणजे परमेश्वराचें अगम्य ऐश्वर्य, आणि पुढचे अंधारे उतार म्हणजे मर्त्य जीवन. दुसरा भूशास्त्रीय: १९८४ सालीं एका अभ्यासकानें असें दाखविण्याचा प्रयत्न केला कीं, हें चित्र पृथ्वीच्या इतिहासाविषयींच्या तत्कालीन कल्पना मांडतें. ड्रेस्डेनच्या जवळच फ्राइबेर्ग येथें खाणविद्येची प्रसिद्ध शाळा होती. तेथील अध्यापक वेर्नर याच्या शिकवणीनें खडकांचें वय आणि क्रम हा सुशिक्षित जर्मनांच्या आवडीचा विषय बनला होता. ग्रॅनाइट हा सर्वांत आद्य खडक, असें त्या शाळेचें मत होतें. तिसरा अर्थ व्यक्तिगत: अकालीं गेलेल्या शिष्याचा अभ्यास हातीं घेऊन गुरूनें त्याचें अपुरें काम पुरें केलें. १८२४ सालींच फ्रीड्रिखला ड्रेस्डेनच्या कलाशाळेंत प्राध्यापक ही पदवी मिळाली, परंतु निसर्गचित्रांचा वर्ग त्याच्या हातीं दिला गेला नाहीं. ज्याला वर्ग मिळाला नाहीं त्या शिक्षकानें आपल्या मृत शिष्याच्या कागदांतून असें चित्र उभें करावें, ही कल्पना कोणाच्याही हृदयाला भिडेल. पुढें तोच निसर्गचित्रांचा विभाग १८४१ सालीं लुडविग रिख्टरच्या हातीं आला. त्याच्या आदल्या वर्षींच, ७ मे १८४० रोजीं, फ्रीड्रिख निवर्तला होता.

या तीन अर्थांतून निवड कशी करावयाची? येथें शाळेंतल्या मुलांना कवितेचा अर्थ तपासावयास ज्या कसोट्या लावतात त्याच उपयोगी पडतात. पहिली कसोटी: तो अर्थ सबंध चित्राला लागूं पडतो कीं एखाद्या कोपऱ्यालाच? दुसरी: चित्रकाराच्या चरित्रांतील व काळांतील ठाऊक असलेल्या गोष्टींशीं तो विसंगत तर नाहीं? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: तोच अर्थ दुसऱ्या कोणत्याही डोंगराच्या चित्राला जसाच्या तसा चिकटवितां येतो काय? येत असेल तर तो या चित्राचा अर्थ नव्हे. ‘पर्वत म्हणजे थोरवी’ हें वाक्य हजार चित्रांखालीं लिहितां येईल, म्हणून तें कोणत्याच चित्राचें नाहीं.

धार्मिक अर्थ पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो, पण नुसतें ‘शिखर म्हणजे ईश्वर’ एवढ्यावर थांबला तर तिसरींत अडकतो; लहान खडक व मोठें शिखर यांचें नातें त्यांत घेतलें म्हणजेच तो या चित्राचा होतो. भूशास्त्रीय अर्थ ग्रॅनाइटचा खडक मध्यावर कां, याचें उत्तर देतो, परंतु मनांत उठणाऱ्या हुरहुरीचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं. व्यक्तिगत अर्थ सर्वांत हृद्य आहे, आणि सर्वांत कमी पुराव्यावर उभा आहे. शिष्याच्या अभ्यासाचा उपयोग केला एवढें खरें, शोकासाठीं केला हें अनुमान. सुजाण रसिक त्याला मनांत जागा देईल, पण सिद्ध झालेलें सत्य म्हणून दुसऱ्याला सांगणार नाहीं. एका चित्राला एकाहून अधिक अर्थ असूं शकतात. परंतु ते कितीही असूं शकत नाहींत.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, याचें उत्तर याच चित्राच्या पुढील इतिहासांत आहे. फ्रीड्रिख मरणापूर्वींच मागें पडला होता आणि पुढें जवळजवळ विसरला गेला. १९०६ सालीं बर्लिन येथें मागील शतकाच्या जर्मन कलेचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां लोकांना तो पुन्हा सांपडला. पुढें १९३३ मध्यें जर्मनींत नाझी सत्ता आली. त्या सत्तेनें फ्रीड्रिखच्या डोंगरांत, ओकवृक्षांत आणि धुक्यांत स्वतःला हवा तो वंशाभिमान वाचला. वाट्झमान तर बेर्ख्टेसगाडेनचा पर्वत, आणि हिटलरचें डोंगरावरील निवासस्थान त्याच परिसरांत होतें. ज्या चित्रांत मनुष्याला पाऊल ठेवावयास जागा ठेवलेली नाहीं, त्यावर मालकी सांगावयास ही मंडळी निघालीं. त्यांचा अर्थ वरच्या तीन कसोट्यांपैकीं एकीलाही उतरत नाहीं. पण कसोटी लावणारे गप्प बसले, किंवा बसविले गेले.

आणि ही केवळ विद्वानांची चूक राहिली नाहीं. हें चित्र त्या वेळीं एका ज्यू कुटुंबाच्या घरीं होतें. ज्यूंना त्या देशांत जगणें अशक्य केलें जात असतांना, १९३७ सालीं, त्या कुटुंबाला तें विकावें लागलें आणि तें बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आलें. ज्यांच्या भिंतीवर हा पर्वत वर्षानुवर्षें होता, जीं माणसें त्याच्यासमोरून रोज जात-येत होतीं, त्यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं असें सत्तेनें ठरविलें. पुढें ६५ वर्षांनीं, २००२ सालीं, चित्र त्या मालकाच्या वारसांना परत देण्यांत आलें. त्यानंतर एका जर्मन बँकेनें तें विकत घेऊन कायमच्या उसनवारीवर त्याच संग्रहालयाच्या स्वाधीन केलें. आज तें जेथें होतें तेथेंच आहे. परंतु आतां त्याच्याकडे पाहणाऱ्याला त्या रिकाम्या झालेल्या भिंतीचीही आठवण ठेवावी लागते. २०२४ सालीं फ्रीड्रिखच्या जन्माला २५० वर्षें झालीं, त्या निमित्तानें हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेन येथें त्याच्या चित्रांचीं मोठीं प्रदर्शनें झालीं. पुन्हा एकदां लोक त्याच्या डोंगरांपुढें रांगा लावून उभे राहिले.

तात्पर्य, डोंगराच्या चित्राला भाव असतो, आणि तो डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही कळतो. त्याला अर्थही असतो, परंतु तो पुराव्यानें आणि संयमानें काढावा लागतो. ‘देखावा छान आहे’ असें म्हणून पुढें जाणारा चित्राचें फार नुकसान करीत नाहीं. तो स्वतःचेंच थोडें नुकसान करून घेतो. आपल्या मनांतलें तेवढेंच चित्रांत कोंबणारा मात्र चित्राचें आणि क्वचित् माणसांचेंही नुकसान करतो.

यापुढें घरांतील त्या टांगलेल्या डोंगरासमोरून जातांना एखाद्या दिवशीं दोन मिनिटें थांबावें. मुलें जवळ असतील तर त्यांनाही थांबवावें, आणि साधे तीन प्रश्न विचारावे. या चित्रांत पाहणारा कोठें उभा आहे, आणि तेथून पुढें वाट आहे काय? चित्रकारानें काय गाळलें आहे? उजेड कोणाच्या वांट्याला आला आहे आणि सावली कोणाच्या? उत्तरें मिळतील, कदाचित् मुलेंच तीं आधीं देतील. चहा थोडा थंड होईल, एवढेंच.